तुम्ही विचारलंत म्हणून: लाज मोजता येते का?

मी काय काम करते हे कळलं की बहुतेक जण हेच विचारतात, लाज काय मोजायची गोष्ट आहे का? मानसिक आजार असलेल्या माणसाचं सगळं बघणाऱ्या घरच्यांना मी भेटते, आई, बायको, भाऊ, कुणीही, आणि त्यांच्याकडून एक फॉर्म भरून घेते, आजारामुळे जो कमीपणा येतो तो यांनी स्वतःवर किती ओढून घेतलाय हे बघायला. विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा राग असतो आणि तो मला कळतो, कारण माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, आणि हा फॉर्म पहिल्यांदा हातात आला तेव्हा मलाही वाटलं होतं की आता आमच्या दुखण्याला पण मार्क देणार का हे लोक.

तर आधी मोजतात कसं ते सांगते. आजारी माणसाला लागलेला डाग त्याच्या जवळच्यांनाही लागतो, हे अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच मांडलं होतं. पण लोक तुमच्याकडे कसं बघतात हे वेगळं आणि ते बघणं तुमच्या आत किती मुरलंय हे वेगळं. हे जे मुरलेलं असतं ना, ते मोजायला हाँगकाँगच्या विनी माक आणि रेबेका च्युंग यांनी २००८ मध्ये २२ वाक्यांचं स्केल, म्हणजे मोजायचा फॉर्म, आणलं. काही वाक्यं मनाला काय वाटतं त्याची, काही डोक्यात येणाऱ्या विचारांची, म्हणजे याच्यामुळे माझी किंमत कमी झाली वगैरे, आणि काही तुम्ही वागता कसं त्याची. प्रत्येक वाक्याला १ ते ४, अजिबात पटत नाही पासून पूर्ण पटतं पर्यंत, मधे 'सांगता येत नाही' म्हणून सुटायची सोय नाही.

भाषांतर हे आणखी एक दुखणं. एकाने मराठीत आणायचं, मूळ न बघितलेल्या दुसऱ्याने ते परत मूळ भाषेत न्यायचं, मग मूळ आणि हे शेजारी ठेवून बघायचं. एवढं करूनही 'लज्जित' असा शब्द येतो जो घरात कुणी बोलत नाही, आणि 'मान खाली जाते' लिहावं तर त्यात आपलीच काहीतरी चूक असल्याचा वास येतो. तेव्हा कुठलाही फॉर्म बघितला की मी आधी शब्द बघते, आकडे नंतर.

एका काकूंचं सांगते, ओळख पटेल असं काही न लिहिता. मनाच्या वाक्यांवर त्या पटापट १, १ करत गेल्या, "लाज कसली गं, माझं लेकरू आहे ते." मग जाणंयेणं कमी केल्याचं वाक्य आलं आणि पेन थांबलं. ४ वर खूण केली, खोडली, ३ केलं, परत ४. मी काहीच बोलले नाही. मग त्याच म्हणाल्या, "कुणी यायचं असलं की त्याच्या खोलीचं दार ओढून बाहेरून कडी घालते, आणि पंखा मोठा करते, त्याचा आवाज बाहेर येऊ नये म्हणून."

आता नुसती बेरीज बघितली तर या बाईंचं बरं चाललंय असंच दिसतं. म्हणून मी बेरजेवर विश्वास ठेवत नाही, तिन्ही भाग सुटे बघते. त्यांना 'लाज वाटून घेऊ नका' असं समजावून काय होणार होतं, लाज त्यांना नव्हतीच, त्यांना बिचकल्याशिवाय घरात येऊन बसणारं माणूस हवं होतं. दुसऱ्या कुणाचं बरोबर उलटं असतं, सगळीकडे जातात, हसतात, आणि रात्री वाटत राहतं की आपल्यातच काहीतरी खोट आहे. आणि थकवा हा तिसराच प्रकार, त्याची स्केल वेगळी आहेत, दमलेल्या माणसाला लाज वाटतेच असं नाही. हे सगळं एकाच 'ताण' शब्दात कोंबतात त्याचा मला खरंच त्रास होतो.

तुम्हाला कधी असा फॉर्म दिला तर एकट्याने बसून भरा. सासू, नवरा किंवा पेशंट शेजारी बसला की उत्तरं बदलतात, हे मी खूपदा बघितलंय आणि माझंही झालंय. आई शेजारी होती तेव्हा लपवण्याच्या वाक्याला मी १ दिला होता, आणि भाऊ बाहेरगावी नोकरीला असतो असं तर मी कित्येक वर्षं सांगत होते.

काकूंचा फॉर्म सहा महिन्यांनी परत भरला. मधे त्या पालकांच्या एका गटात जायला लागल्या होत्या. त्याच वाक्यावर या वेळी ३, न खोडता. काय बदललं विचारलं तर म्हणाल्या, "दार अजून ओढते गं, कडी नाही लावत."