बारा काळ पाठ होते, बोलता मात्र येत नव्हतं

शाळेत इंग्रजीचे काळ आम्हाला एका तक्त्यात शिकवले होते. वर तीन रकाने वर्तमान भूत भविष्य, डावीकडे चार ओळी साधा, चालू, पूर्ण, चालू पूर्ण, आणि प्रत्येक चौकोनात एक सूत्र. कर्ता, मग हॅव किंवा हॅज, मग क्रियापदाचं तिसरं रूप. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी तो तक्ता घडाघडा म्हणून दाखवला असता, पण कोणी समोर उभं राहून "व्हेअर डिड यू गो यस्टरडे" विचारलं की तोंडातून शब्द फुटायचा नाही, कारण आधी चौकोन शोधायचा, मग सूत्र आठवायचं, मग त्यात शब्द बसवायचे आणि तोवर समोरचा माणूस पुढच्या विषयावर गेलेला असायचा.

नोकरीला लागल्यावर एकदा मी मेलमध्ये लिहिलं, "आय हॅव सेंट द फाइल यस्टरडे". एका सीनियर ताईंनी बाजूला घेऊन सांगितलं, यस्टरडे आलंय ना वाक्यात, मग हॅव काढून टाक. मी विचारलं, का हो ताई? तर म्हणाल्या, तसंच असतं गं ते. त्यांनी प्रेमानेच सांगितलं, पण ते "तसंच असतं" माझ्या डोक्यातून जाईना. मग मी एक वही केली. रोज रात्री तीन वाक्यं इंग्रजीत लिहायची, आणि चूक निघाली की तिच्या शेजारी तेच वाक्य मराठीत लिहायचं, मी मनात जसं म्हटलं होतं अगदी तसं. दोनेक महिन्यांत लक्षात आलं की माझ्या चुका कशाही होत नाहीयेत, जवळजवळ प्रत्येक चुकीच्या खाली एक बरोबर मराठी वाक्य आहे.

त्या मेलचंच घ्या. "मी काल फाइल पाठवलीये" हे मराठीत चोख वाक्य आहे. पाठवलीये म्हणजे पाठवली आहे, आणि मराठीला "काल" आणि "आहे" एकत्र नांदलेले चालतात. इंग्रजीला नाही चालत. तिथे हॅव लावलं की त्या गोष्टीचा धागा आत्ताशी बांधलेला राहतो, आणि काल, परवा, सोमवारी असं म्हटलं की तुम्ही ती गोष्ट मागे एका जागी ठोकून ठेवली, मग धागा तुटला. "आय हॅव लॉस्ट माय की" म्हणजे किल्ली हरवलीये आणि आत्ताही सापडलेली नाहीये, मी दाराबाहेरच उभी आहे. "आय लॉस्ट माय की" म्हणजे हरवली होती एवढंच, नंतर मिळालीही असेल. "धिस वीक" बरोबर मात्र हॅव चालतं कारण आठवडा अजून संपलेला नाही. (अमेरिकन लोक जिथे ब्रिटिश "आय हॅव ऑलरेडी सेंट इट" म्हणतील तिथे सर्रास "आय ऑलरेडी सेंट इट" म्हणतात, त्यामुळे ते ऐकून गोंधळू नका, यस्टरडेसोबत हॅव तेही लावत नाहीत.)

दुसरी चूक "पासून"ची, आणि ही तर मी आजूबाजूला सगळ्यांच्या तोंडी ऐकते. आपण म्हणतो सोमवारपासून, आणि आपण म्हणतो पाच वर्षांपासून. एकच शब्द. इंग्रजी इथे दोन शब्द मागते, कारण सोमवार हा एक बिंदू आहे जिथून मोजायला सुरुवात झाली, म्हणून सिन्स मंडे, आणि पाच वर्षं ही लांबी आहे, म्हणून फॉर फाइव्ह इयर्स. आणि दुसरा घोटाळा त्याच वाक्यात लपलेला असतो, "मी इथे पाच वर्षांपासून राहतेय" यातलं राहतेय सरळ चालू वर्तमानकाळ दिसतं म्हणून आपण "आय अ‍ॅम लिव्हिंग हियर सिन्स फाइव्ह इयर्स" करतो. मुळात गोष्ट मागे सुरू होऊन आत्तापर्यंत आलेली आहे, म्हणून इंग्रजीला तिथे पुन्हा तो हॅवचा धागा लागतो, "आय हॅव बीन लिव्हिंग हियर फॉर फाइव्ह इयर्स". हे एक वाक्य मी वहीत निदान चाळीस वेळा शब्द बदलून लिहिलं असेल, लिव्हिंगच्या जागी वर्किंग, वेटिंग, लर्निंग, तेव्हा कुठे ते जिभेवर बसलं.

वाक्यरचनेचं मला फार अवघड गेलं नाही. आपल्या नामांना ने, ला असे प्रत्यय चिकटलेले असतात म्हणून "कुत्र्याने मांजराला पळवलं" आणि "मांजराला कुत्र्याने पळवलं" एकच, इंग्रजीत असे प्रत्यय नाहीत, तिथे जागाच सांगते कोणी कोणाला पळवलं. कर्ता झाला की लगेच क्रियापद, शेवटपर्यंत थांबायचं नाही. आणि कर्ता गाळायचा नाही, आपण नुसतं "येतेस का?" किंवा "उशीर झाला" म्हणून मोकळे होतो, तिथे यू आणि इट म्हणावंच लागतं. एवढं कळलं की बाकी सवयीचा भाग आहे.

खरी मजा आली ती भाचीला शिकवताना. ती सातवीत आहे. "मावशी, डिड यू गो का? कालची गोष्ट आहे ना, मग डिड यू वेंट पाहिजे ना?" मी आधी तेच सांगणार होते जे मला सांगितलं गेलं होतं, डिड आलं की पहिलं रूप. पण मला स्वतःलाच ते पटत नव्हतं. मग सहज म्हणून तिला विचारलं, "ती शाळेत जाते" याचं नकारार्थी कर. ती म्हणाली, "ती शाळेत जात नाही." मी म्हटलं, "जाते नाही" का नाही म्हणालीस? ती गप्प झाली. "तू जातेस"चं? "तू जात नाहीस." "ते जातात"चं? "ते जात नाहीत." बघ, मी म्हटलं, तो सगळा स, त, जे काही शेपूट होतं ते क्रियापदावरून उठलं आणि "नाही"वर जाऊन बसलं, आणि "जात" तिन्हीकडे तसंच कोरं राहिलं. इंग्रजीत डू हेच काम करतं. शी गोजमधला एस उठून डूवर बसला की झालं डज शी गो. वेंटमधला भूतकाळ उठून डूवर बसला की झालं डिड यू गो. ओझं एकानेच उचलायचं, दोघांनी नाही. तिने वहीवर बाण काढून एस एका शब्दावरून दुसऱ्यावर नेला, आणि त्या दिवसापासून तिचं डिड कधी चुकलेलं मी पाहिलं नाही. आणि हे डूही काही अनादि काळापासून नाहीये, शेक्सपिअर (१५६४ ते १६१६) च्या काळात डू लावूनही प्रश्न विचारत आणि न लावताही, नुसतं क्रियापद कर्त्याच्या आधी आणून.

मग तिची पुढची तक्रार, गोचं वेंट का, गोएड का नाही. इथेही मराठीच कामाला आली. जाचं "जाला" होतं का? गेला होतं. करचं केलं, येचं आलं, देचं दिलं. लहान मूल आधी "मी करलं" म्हणतं आणि घरातले हसून "केलं" म्हणतात, ते मूल काही तक्ता पाठ करत नाही. आपलं जातो आलंय संस्कृतच्या "या" धातूवरून आणि गेला आलंय "गत"वरून, म्हणजे गम् वरून, दोन वेगळी क्रियापदं एका संसारात आली. इंग्रजीतही अगदी तेच झालं, वेंट हा मुळात वेंड नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ, तो गोने आपलासा केला. जे शब्द दिवसाला शंभर वेळा तोंडी येतात तेच असे वाकडे राहतात, बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक सगळे असेच, कारण इतके वापरात असतात की नियमाला त्यांना सरळ करायला वेळच मिळत नाही. म्हणून एबीसीडीच्या क्रमाने ती तीन रूपांची लांबलचक यादी पाठ करायला लावणं मला मुळीच पटत नाही, हे वीस-पंचवीस शब्द आधी वाक्यात घोळवा, बाकीचे वाचता वाचता येतात.

त्या तक्त्याबद्दल मला अजून एक कळलं आणि खूप हलकं वाटलं. बरेच भाषाशास्त्रज्ञ इंग्रजीत बारा काळ मोजतच नाहीत, क्रियापदाचं रूप बदलून दाखवले जाणारे काळ दोनच, वर्तमान आणि भूत. भविष्यासाठी वेगळं रूपच नाही, तिथे विल घ्या, गोइंग टू घ्या नाहीतर सरळ "आय अ‍ॅम लीव्हिंग टुमारो" म्हणा. आपणही "उद्या येते" म्हणतोच की.

परवा भाची हॉलमध्ये वही घेऊन बसली होती आणि तिने हाक मारली. मी आतून ओरडले, "आलेच!" तर ती म्हणाली, "मावशी, आलेच हा भूतकाळ आहे ना? मग तू आलीस कुठे अजून?" मी दारात येऊन तशीच उभी राहिले. खरंच की, अजून निघालेही नव्हते आणि म्हणाले आले. इंग्रजीत अशा वेळी "कमिंग!" म्हणतात, म्हणजे चालू आहे. तिने वहीत नवीन पान काढलं, डावीकडे "आलेच" लिहिलं, उजवीकडे "कमिंग" लिहिलं, आणि खाली मला विचारून विचारून "निघालेच", "झालंच", "हे बघ संपवलंच" असं सगळं लिहीत गेली, पान भरलं तरी थांबेना.