सामना न दाखवता सामना सांगणारा जेसन मोहम्मद

बालेवाडी किंवा गहुंजेच्या सामन्यांचं मराठीत सूत्रसंचालन करायची इच्छा असेल, तर वेल्सचा सूत्रसंचालक जेसन मोहम्मदचं काम बारकाईने बघा. हा गडी कार्डिफचा. वेल्श आणि इंग्रजी दोन्हींत सारखाच मोकळा. रेडिओ वेल्सवर श्रोत्यांशी गप्पा, बीबीसीवर स्नूकर, असं बरंच केलं. पण त्याची ठळक ओळख झाली ती २०१३ मध्ये हाती घेतलेल्या शनिवारच्या 'फायनल स्कोअर'मुळे, म्हणजे फुटबॉलचे गुण आणि निकाल सांगणाऱ्या बीबीसीच्या कार्यक्रमामुळे.

ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी २.४५ ते ५.१५ टीव्हीवर फुटबॉलच्या थेट प्रक्षेपणाला बंदी असते. त्यामुळे तीनचे सामने, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडचे रात्री ८.३० चे, पडद्यावर नसतातच. हाती फक्त गुणफलक, पाहुणे आणि मैदानावरचे वार्ताहर. शिवाय कानात कंट्रोल रूमचा आवाज अखंड चालू. अशा गदारोळात त्याचं वाक्य अर्धवट राहत नाही, याचं मला फार कौतुक आहे.

सराव घरीच करता येतो. एका कानात इअरफोन घालून बातम्या लावा आणि तोंडाने कबड्डीच्या चढाया सांगा. मग मित्राला दहापासून उलटं मोजायला लावा. शून्यावर वाक्य संपलं पाहिजे. दहा सेकंदांत मराठीचे साधारण वीस शब्द बसतात. गडबड होते ती बहुधा इथे: ब्रेकला आठ सेकंद उरलेत आणि पाहुण्याला विचारलं जातं, "तुम्हाला काय वाटतं, सर?" शेवटच्या पंधरा सेकंदांत प्रश्न नकोच. आधी संघ, मग गुण, मग ब्रेक.