तुम्ही विचारलंत म्हणून: एअर होस्टेस म्हणजे विमानात चहा-पाणीच तर द्यायचं, मग पाठ कशी गेली?

प्रत्येक लग्नात कुणीतरी मावशी माझ्या कमरेच्या पट्ट्याकडे बघत हे विचारतेच. आजवर हसून वेळ मारून नेली. आता सांगतेच.

भरलेली ट्रॉली 80-100 किलोंच्या घरात जाते. मुंबई-गोवा म्हणजे हवेत जेमतेम तासभर, त्यामुळे विमान वर चढत असतानाच सर्व्हिस सुरू करावी लागते. नाक वर, शेपूट खाली. मागच्या गॅलीतून, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरातून, पुढे निघायचं म्हणजे घाटात हातगाडी लोटायची. वर पोचल्यावर तुम्हाला सगळं सपाट वाटतं, तेव्हाही नाक दोनेक अंश वरच असतं.

पाठ गेली त्या दिवशी गोव्याचीच फेरी होती. ट्रॉलीला खाली दोन पेडल असतात: लाल दाबलं की ब्रेक, हिरवं दाबलं की सुटते. मी लाल दाबलं, पाण्याची बाटली काढायला वाकले आणि विमानाला गचका बसला. ब्रेकनं धरलंच नाही. ट्रॉली माझ्या अंगावर मागे यायला लागली. माझ्या मागे एका झोपलेल्या पोराचा पाय सीटबाहेर लोंबत होता. मी अर्धवट वाकलेलीच वळले आणि ट्रॉली कमरेवर पेलली. कळ निघाली ती थेट टाचेपर्यंत. शेजारचे काका म्हणाले, "मॅडम, व्हेज सँडविच नाही का?" मी म्हटलं, "सर, फक्त पनीर आहे." उरलेल्या रांगाही केल्या. विमान उतरल्यावर जंप सीटवरून, म्हणजे आमच्या घडीच्या खुर्चीवरून, दार उघडायला उठले, तर डावा पाय आपला वाटेना.

रिपोर्ट का नाही केलास? हाही तुमचा आवडता प्रश्न. रिपोर्ट केला की मेडिकल तपासणी, मग ग्राउंड, म्हणजे उडणं बंद, आणि पगाराचा मोठा हिस्सा तर उडालेल्या तासांवर. घराचा हप्ता थांबतो का? तेव्हाच्या मला बावळट म्हणायला जीभ रेटत नाही. पण गोळ्या खाऊन उडत राहिलेलीला शहाणी तरी कुठल्या तोंडानं म्हणू?

एमआरआयमध्ये एल-फोर, एल-फाइव्ह या कमरेतल्या मणक्यांमधली गादी सरकलेली निघाली. ऑफिसला कळवलं, तर उत्तर आलं, हे घरकाम करतानाही होऊ शकतं. होत असेल. आमच्या स्वयंपाकघराला चढ नाही, एवढंच.

आणि हो, ते काम मला आवडायचं. मावशींना हे पटत नाही. परत बोलावलं तर जाईन का, यावर माझं रोज वेगळं उत्तर असतं.

आता विमानानं जाते तेव्हा छोटी बॅगसुद्धा चेक-इन करते. वरच्या कप्प्यात ठेवायला कुठल्या पोरीला हाक मारायला नको. सामानाच्या बेल्टपाशी ताटकळावं लागतं म्हणून नवरा कुरकुरतो. कुरकुरू दे.