स्टाफरूममध्ये राजकारण का नको? तुम्ही विचारलंत म्हणून

"मॅडम, तुम्ही स्टाफरूममध्ये राजकारण बोलायला बंदी घातलीत म्हणे?" शिक्षण परिषदेत विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून नव्याने लागलेली पोरं तर पहिल्याच आठवड्यात विचारतात. त्यात टोमणाही असतो, कारण मार्च 2023 चा संप सगळ्यांना आठवतो. शाळेला कुलूप होतं आणि तहसीलसमोर 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ओरडणाऱ्यांत मी पहिल्या रांगेत होते. ते राजकारण नव्हतं का? होतं. आता एकदा लिहूनच टाकते.

बंदी मी घातलेली नाही. प्रभारी मुख्याध्यापकाला तेवढा अधिकार नसतोच. सह्या करायच्या आणि बोलणी खायची, एवढंच पद. जिल्हा परिषद सेवेचे वर्तणूक नियम 1967 पासून आहेत, पण ते नाचवून मी कोणाचं तोंड बंद केलेलं नाही. शाळा भरलेली असताना, पोरं आत-बाहेर करत असताना, जातीचं आणि पक्षाचं नको, इतकंच म्हणाले.

सप्टेंबर 2023 मध्ये मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं, त्यानंतर आमच्या पट्ट्यात काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. उपोषणाची आंतरवाली सराटी आम्हाला लांब नाही, ओबीसींची अंबडची सभाही नाही. जानेवारी 2024 मध्ये मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण आलं तेव्हा मोबाइल घेऊन दारोदार आम्हीच फिरलो. दीडशेहून जास्त प्रश्न, सुरुवात जातीपासून. सरकारी हुकमाने उंबऱ्यात उभं राहून जात विचारायची आणि शाळेत आल्यावर तो विषय काढायचा नाही, हे कसं जमावं, असं तुम्ही म्हणता. मला पटतं ते.

आमचे गणिताचे सर आणि विज्ञानाचे सर तालुक्याहून एकाच मोटारसायकलवर यायचे. पेट्रोल आलटून पालटून. एक मराठा, एक वंजारी. इतकी वर्षं हे सांगायची गरज पडली नव्हती. मग एकमेकांचे स्टेटस दिसू लागले. आधी गाड्या दोन झाल्या, मग डबे वेगवेगळ्या टेबलांवर उघडू लागले. जून 2024 मध्ये शेजारच्या बीडचा लोकसभेचा निकाल 6,553 मतांनी लागला आणि कुणाच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, इथपर्यंत गोष्टी गेल्या. तेवढ्यात शाळा उघडल्या.

पहिल्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत चहा चालला होता. विज्ञानाचे सर आले नव्हते. गणिताचे सर म्हणाले, "यंदा आकारिकचे मार्क कोणाच्या पोरांना जाणार ते आत्ताच लिहून देतो." आकारिक म्हणजे वर्षभराच्या कामावर शिक्षक स्वतः देतो ते मार्क. दोघंतिघं हसले. आठवीतला एक मुलगा खडूचा डबा न्यायला दारात उभा होता. मी म्हणाले, "सर, पोरगं आहे." ते म्हणाले, "अहो मॅडम, गंमत चाललीय."

चौथ्या दिवशी त्या मुलाचे वडील आले. चप्पल बाहेर काढून, टोपी हातात घेऊन. "मॅडम, पोराला ब तुकडीत टाका. इथं विज्ञानाला आमच्या पोराला मार्क भेटणार नाहीत म्हणतेत." मी विचारलं, कोण म्हणतं? ते म्हणाले, "शाळेतूनच आलंय."

विज्ञानाचे सर तिथेच कपाटाशी उभे होते. काही बोलले नाहीत. मागच्या वर्षीची आकारिकची नोंदवही काढली, टेबलावर उघडली आणि बोट ठेवत गेले. प्रयोग, गृहपाठ, उपक्रम. त्या मुलाला 40 पैकी 36. मग वरचं नाव, खालचं नाव, मग अख्खी तुकडी, एकेक आडनाव मोठ्याने वाचून. मला त्यांना थांबवायचं होतं. इतकी वर्षं नोकरी झालेला माणूस हिशेब देत होता आणि हिशेब मागितलाही नव्हता कोणी. वडील म्हणत होते, "सर, तुमच्यावर नाही हो आमचं काही." गणिताचे सर हजेरीपत्रकात मान घालून बसले होते. एक वाक्य ते बोलू शकले असते, 'मी गंमत केली होती'. नाही बोलले. आजपर्यंत नाही.

तुकडी मी बदलून दिली नाही. वडील दाखला काढून घेऊन गेले. मुलगा आता तालुक्याला, खासगी शाळेत.

तुम्ही म्हणता, ही चर्चा नव्हती, टवाळी होती. बंद करायची तर टवाळी बंद करा, चर्चा कशाला? दोन्हींमधली रेघ दाखवा, आजच नियम सुधारते. पारावर नको तो विषय निघाला तर माणूस उठून घरी जातो. विज्ञानाच्या सरांना पाच वाजेपर्यंत त्याच खुर्चीवर बसायचं असतं, आणि आम्ही जे बोलतो ते पोरं घरी नेतात.

पण हेही सांगते की गप्प राहणं सगळ्यांना सारखं पडत नाही. दसऱ्याला पाटीपूजन होतं, वर्गणी निघते, आरती होते. त्याला आम्ही धर्म म्हणत नाही, कार्यक्रम म्हणतो. सावित्रीबाईंचा फोटो सरस्वतीच्या शेजारी की वर, असं कोणी विचारलं की मात्र लगेच 'राजकारण आणू नका'. चित्रकलेचे सर शुक्रवारी नमाजाला अर्धा तास जातात तर वेळेची नोंद ठेवली जाते, आणि देशात कुठेही काही झालं की खुलासा त्यांच्याकडे मागितला जातो. माझ्या नियमाने त्यांची सुटका झाली असं मला वाटत होतं. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मॅडम, विचारत नाहीत हे खरं. पण मनात तर तेच आहे ना? आधी निदान उत्तर देता यायचं." यावर मला अजून काही सुचलेलं नाही.

नागरिकशास्त्र मीच शिकवते. परिपाठात रोज उद्देशिका म्हणून घेते. डीएडला असताना मैत्रिणींशी भांडायचे की शिक्षकच बोलणार नसेल तर गावात बोलणार कोण. ती मुलगी आज स्टाफरूममध्ये आली तर मला भित्री म्हणेल. म्हणू दे. तिने ती नोंदवही वाचताना ऐकलेली नाही. आणि ऐकली असती तर कदाचित म्हणाली असती, मग गणिताच्या सरांना त्याच दिवशी सगळ्यांसमोर बोलायला लावायचं होतंस, विषय कशाला बंद केलास? हा प्रश्न तुम्ही विचारत नाही, मीच विचारते.

पेन्शनचा पुन्हा संप झाला तर? जाणार. फलक स्टाफरूममध्येच रंगवू, चित्रकलेच्या सरांचं अक्षर चांगलं आहे. गणिताचे आणि विज्ञानाचे सर, दोघंही येतील, संपात दोघं नेहमी असतात. हे नियमात बसत नाही, ठाऊक आहे मला.