बोक्का बोर्बावरून माघारी

फ्रान्समध्ये पैसे घेऊन लोकांना डोंगरात न्यायचे असेल, तर त्यासाठी सरकारमान्य पदविका लागते, आणि ती माझ्याकडे नाही. त्यामुळे पुण्याहून कॉर्सिका या फ्रेंच बेटावर गट घेऊन जातो तेव्हा डोंगरातील अखेरचा शब्द माझा नसतो, आमच्यासोबतच्या स्थानिक मार्गदर्शकाचा असतो. व्हिसा, विमाने, मुक्कामांची आगाऊ नोंदणी, कुणाचा गुडघा दुखतो आणि कुणाला कांदा-लसूण चालत नाही याची यादी, एवढे सगळे माझ्याकडे; आणि मार्गदर्शकाने ठरवलेली गोष्ट आपल्या माणसांच्या गळी उतरवणे, हेही माझ्याकडेच. या शेवटच्या कामाचा कस लागला, त्या दिवसाची ही हकीकत आहे.

जीआर २० ही वाट कॉर्सिकाच्या कण्यावरून जाते. वायव्येकडील कालेन्झाना गावापासून आग्नेयेकडील कोंकापर्यंत ती सुमारे १८० किलोमीटर आहे. खडकांवर रंगवलेले लाल-पांढरे पट्टे पाहत चालायचे आणि संध्याकाळी रेफ्यूज गाठायचा, असा तिचा रिवाज. रेफ्यूज म्हणजे डोंगरातील दगडी किंवा लाकडी निवारा. आत दाटीवाटीने टाकलेल्या गाद्या, बाहेर भाड्याने मिळणारे तंबू, निवारा सांभाळणारा एक गार्डियन आणि त्याच्या स्वयंपाकघरातील सूप-पास्त्याचे जेवण. रेफ्यूजचा परिसर सोडून वाटेवर इतरत्र तंबू ठोकायला मनाई आहे, आणि उघड्यावर चूल पेटवणे तर दूरच. साहजिकच प्रत्येक रात्रीची जागा आधी पैसे भरून ठरवलेली असते, आणि एक दिवस चुकला की पुढची सगळी माळ विस्कटते. आम्ही वाटेचा उत्तरेकडील अर्धा भाग करतो, कालेन्झाना ते विझावोना. विझावोनाला रेल्वे स्थानक आहे, म्हणून परतणे सोपे. मात्र दोन्ही भागांत अधिक खडकाळ आणि अधिक अंगावर येणारा भाग हाच.

त्या वर्षीचा गट तयारीचा होता. नाशिकचे निवृत्त बँक अधिकारी, ज्यांना सगळेच काका म्हणत, त्यांनी अलंग-मदन-कुलंग आणि हरिहर किती वेळा केले असतील, ते त्यांनाही सांगता आले नसते. कोल्हापूरच्या एका शाळेतील विज्ञानाच्या शिक्षिका होत्या, आणि ठाण्याचे दोन तरुण अभियंते होते. पहिल्या टप्प्यातील दमछाक करणारी चढण, कारोत्सू रेफ्यूजच्या पुढचा स्पासिमाताचा झुलता पूल आणि त्यानंतरचे साखळ्या लावलेले गुळगुळीत कातळ त्यांनी सहज पार केले होते. आस्कू स्तान्यूला पोहोचलो तेव्हा सगळे खुशीत होते.

आस्कू स्तान्यू हे १,४२२ मीटरवरचे जुने स्कीइंगचे ठिकाण आहे आणि तेथपर्यंत डांबरी रस्ता येतो. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा ते खालीच. पण दुसऱ्या दिवशी तेथून एका दमात २,६०७ मीटरवरच्या पॉईंत देझ एबुलीपर्यंत चढायचे असते. हा मार्ग मूळचा नव्हे. पूर्वी वाट सर्क द ला सोलित्यूद नावाच्या खोल, उभ्या कड्यांच्या कोंदणातून साखळ्या आणि शिड्यांच्या आधाराने जात असे. १० जून २०१५ रोजी वादळी पावसात तेथे दरड कोसळली आणि सात जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर तो भाग बंद करून वाट मोंते चिंतोच्या खांद्यावरून वळवण्यात आली. मोंते चिंतो हे बेटावरील सर्वोच्च शिखर, २,७०६ मीटरचे. दरडीचा धोका त्यामुळे टळला, पण माणसे आधीच्या वाटेपेक्षा जवळजवळ ४०० मीटर अधिक उंचीवर आणि अधिक वेळ उघड्यावर राहू लागली. एबुली ओलांडल्यावर चिंतोच्या तळ्याजवळून २,४५६ मीटरच्या बोक्का क्रुचेत्तापर्यंतची (बोक्का म्हणजे खिंड) चाल सगळी उंचावरची आहे; मध्येच खाली उतरून जावे अशी वाट तेथे नाही. निळ्या आकाशाखाली हा टप्पा जितका देखणा, तितकाच तो विजांच्या दिवशी वाईट.

विजा तेथे काही नवलाच्या नाहीत. उन्हाळ्याच्या शेवटी भोवतालचा समुद्र चांगलाच तापलेला असतो, आणि किनाऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरच्या आत जमीन अडीच हजार मीटरच्या वर जाते. ओली हवा डोंगरउतारांवरून वर चढते आणि दुपारपर्यंत ढगांचे मनोरे उभे राहतात. म्हणूनच पहाटे निघून दुपारच्या आत मुक्काम गाठावा, असे येथे प्रत्येक गार्डियन सांगतो. एरवी हे जमते. पण कधी कधी समुद्रावरूनच वादळ तयार होऊन येते, आणि ते दुपारची वाट पाहत नाही. १८ ऑगस्ट २०२२ ला ते सकाळीच आले होते. वाऱ्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या पलीकडे गेला आणि बेटावर पाच जण दगावले.

आमच्या मार्गदर्शक कोर्ते गावच्या होत्या, चाळिशी ओलांडलेल्या आणि कमी बोलणाऱ्या. आदल्या संध्याकाळी रेफ्यूजच्या भिंतीवर लावलेला हवामानाचा कागद त्यांनी दोनदा वाचला आणि मला बाजूला घेऊन सांगितले की, पहाटे साडेचारला निघू; आठ वाजता बोक्का बोर्बाला असलो तर पुढे जाऊ, नसलो तर तेथे थांबून आभाळ पाहू. मी हे जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना मराठीत सांगितले आणि प्रत्येकाकडून होकारही घेतला. सूप गरम असताना दिलेला होकार डोंगरावर किती टिकतो, हे या धंद्यात पडलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

ठरल्याप्रमाणे हेड टॉर्चच्या उजेडात निघालो. पाइनचे जंगल संपले, ओढा ओलांडला आणि साखळ्यांचा कातळ उजाडता उजाडता चढून गेलो. शिक्षिका ताईंचा गुडघा आदल्या दिवशीच्या उतारावर दुखावला होता, त्यामुळे वेग मंदावला. २,२०७ मीटरवरच्या बोक्का बोर्बाला पोहोचलो तेव्हा पावणेनऊ झाले होते. डोक्यावर ऊन होते. पश्चिमेकडे मात्र कड्यांच्या मागून एक पांढरा ढग वर आला होता, फुलकोबीसारख्या कडा असलेला, आणि मार्गदर्शक बाई त्याच्याकडे पाहत सॅक न उतरवता उभ्या होत्या. पाचेक मिनिटांनी त्यांनी मान हलवली आणि मला म्हणाल्या, “खाली.”

मी सांगितल्यावर क्षणभर कुणी काही बोलले नाही. मग काका बोलले. “अहो, वर ऊन आहे! आणि आला पाऊस तर आला, आपण काय मिठाचे आहोत का? आयुष्यभर पावसातच ट्रेक केलेत.” ठाण्याच्या एकाने लगेच री ओढली: पुढच्या दोन मुक्कामांचे पैसे भरलेले आहेत, सुट्टी काढून आलो आहोत, वर जाऊन तर पाहू. एवढ्यात खालून आलेले एक परदेशी जोडपे आमच्याशेजारून वर निघून गेले. त्यांच्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, “हे बघा, ते चाललेच ना?”

काकांचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नव्हते. सह्याद्रीत भटकणाऱ्याचा हंगामच मुळी पावसाळा असतो. जुलैच्या धारांत भिजत किल्ला चढणे हा आपला सण. पावसाला भिऊन परतणारा माणूस आपल्याकडे थट्टेचा विषय होतो. बाईंना ते कळण्याचे कारण नव्हते, आणि त्यांनी दिलेले कारण, पुढच्या तीन तासांत उतरायला जागा नाही, हे आमच्या मंडळींना पुरेसे वाटत नव्हते. मी काकांना बाजूच्या दगडावर बसवले आणि म्हटले, “काका, हा आषाढातला पाऊस नाही. हा वळीव आहे. मे महिन्यात दुपारी असे आभाळ आल्यावर तुम्ही रानात झाडाखाली उभे राहाल का?”

काकांचे मूळ गाव निफाडकडचे. वळवाच्या पावसात वीज पडून माणूस गेल्याची बातमी दरवर्षी वर्तमानपत्रात येते, आणि ज्याचे आयुष्य शेताच्या जवळ गेले आहे, त्याला ती बातमी म्हणून वाचावी लागत नाही. ते पश्चिमेकडे पाहत राहिले. ढगाची वरची बाजू तेवढ्या वेळात सपाट होऊ लागली होती आणि बूड काळवंडले होते. “वळीव म्हणता?” एवढेच ते म्हणाले, उठले आणि सॅकचे पट्टे आवळू लागले. मग कुणीच हुज्जत घातली नाही. माझ्या लेखी ही त्या दिवसातील सर्वांत मोठी घटना होती. नंतर जे झाले त्यात थरार अधिक होता, पण तेथे निर्णय घ्यायला फारशी जागा उरली नव्हती.

पहिला गडगडाट झाला तेव्हा आम्ही साखळ्यांच्या कातळापासून थोडे वर होतो. उतरायची घाई सगळ्यांनाच झाली होती, कारण साखळ्या संपल्या की जंगल फार दूर नव्हते. बाईंनी हात आडवा करून थांबवले. लोखंडी साखळी हातात धरून विजेच्या वेळी कातळावर असणे म्हणजे विजेला वाट करून देणे, हे मला वेगळे समजावून सांगावे लागले नाही. शिक्षिका ताईंनीच ते दोघा तरुणांना दोन वाक्यांत सांगितले. ट्रेकिंग पोल आणि कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कड्या, एकत्र करून वीस-पंचवीस पावलांवर नेऊन ठेवले. कड्याला टेकायचे नाही, एकट्या उभ्या असलेल्या दगडाखाली शिरायचे नाही, एकमेकांपासून अंतर ठेवायचे, सॅकवर उकिडवे बसायचे आणि पावले जुळवून ठेवायची. आपल्याकडची माणसे भीती वाटली की एकमेकांना बिलगतात; दहा-दहा पावलांवर वेगवेगळे बसायला लावणे हे त्या घडीचे सर्वांत कठीण काम होते.

आधी वारा आला, मग गारा. बोराएवढ्या गारा रेनकोटाच्या टोपीवर अशा आदळत होत्या, की शेजारच्याला हाक मारली तरी ऐकू जात नव्हते. समोरचा तांबूस खडक बघता बघता काळपट लाल झाला, आणि सकाळी ज्या कोरड्या पन्हळीत बूट रोवून आम्ही चढलो होतो, तिच्यातून गढूळ पाणी साखळीच्या कड्यांवर उसळत वाहू लागले. एकदा प्रकाश आणि आवाज इतके जवळजवळ आले, की मधला अवकाश मोजता आला नाही. मी माझ्या जागेवरून सगळ्यांची डोकी पुन्हा पुन्हा मोजत होतो. त्याचा उपयोग काहीच नव्हता, पण तेवढेच करता येण्याजोगे होते.

अर्ध्या-पाऊण तासाने गडगडाट पूर्वेकडे सरकला. तरीही बाईंनी आणखी बराच वेळ कुणाला हलू दिले नाही. थंडीने दात वाजू लागले, तेव्हा ताईंनी जागेवरूनच गूळपापडीच्या वड्यांची पुडी एकाकडून दुसऱ्याकडे भिरकावायला सुरुवात केली. मग बाईंनी आपला दोर काढला, वर पक्का बांधून घेतला, आणि ओल्या कातळावरून एकेकाला बिले देत, म्हणजे दोराने सांभाळत, खाली सोडले. सकाळी ज्या जागेला काही मिनिटे लागली होती, तिने आता तासाभराहून अधिक घेतला. काका सर्वांत शेवटी उतरले. इतरांचे पाय कोठे पडावेत, हे ते वरून सांगत होते आणि बाई त्यांना सांगू देत होत्या.

आस्कूच्या उपाहारगृहात ओले कपडे खुर्च्यांवर टाकून बसलो असताना दुपारी उशिरा ते परदेशी जोडपे आले. एबुलीच्या खालच्या घसाऱ्यावर वादळाने त्यांना गाठले होते आणि तेथूनच ते परतले होते. त्या जोडप्यातील बाईच्या गुडघ्यापासून पोटरीपर्यंत खरचटले होते, पुरुषाच्या हातातील काठी मोडलेली होती. ठाण्याच्या त्या तरुणाने उठून त्यांना आपली खुर्ची दिली. त्याने त्यांना काही विचारले नाही आणि आम्हीही त्याला काही म्हटले नाही.

पुढचा प्रश्न पैशांचा होता. तिग्येत्तू आणि चोत्तुलू दि ई मोरी या दोन्ही रेफ्यूजचे पैसे बुडाल्यात जमा होते, आणि हवामान दुसऱ्या दिवशीही बेभरवशाचे होते. वाट पुन्हा रस्त्याला भेटते ती वेर्जियो खिंडीत. डोंगरातून दोन दिवसांची ही मजल. रस्त्याने मात्र आस्कूच्या दरीतून पोन्ते लेच्चाला उतरायचे आणि स्काला दि सांता रेजिनाच्या अरुंद घळीतून कालाकुच्चावरून पुन्हा चढायचे, असा मोठा वळसा पडतो. मी गाडी ठरवली. आमच्या करारात असे कलम आहे की, हवामानामुळे मार्ग बदलला तर जादा वाहनखर्च गटाने वाटून घ्यायचा. कलम लिहिणे सोपे असते; ओल्या मोज्यांनिशी बसलेल्या माणसांसमोर ते वाचून दाखवणे तितके सोपे नसते. एकाने कुरकुर केलीच, की टप्पाही गेला आणि वर पैसेही आम्हीच द्यायचे. मी विझावोनाला बोलू म्हणून विषय थांबवला.

वेर्जियोपासून पुढे मात्र हवेने साथ दिली. निनो तळ्याच्या काठच्या हिरव्या, मऊ पोझ्झिनांवर, म्हणजे पाणथळ गवताळ कुरणांवर, मोकळी घोडी चरत होती. मान्गानू आणि पेत्रा पियाना हे मुक्कामही वेळेत झाले. विझावोनाच्या स्थानकावर बास्तियाकडे जाणाऱ्या रेल्वेगाडीला अवकाश होता. मी वाहनखर्चाचा विषय कसा काढावा याचा विचार करत होतो, तोवर काका वही उघडून बाकावर बसले होते. गाडीचे भाडे, माणसे, प्रत्येकी किती युरो, असा हिशोब त्यांनी आधीच मांडला होता. कुरकुर करणाऱ्याला त्यांनी सर्वांत आधी बोलावले, त्याच्याकडून नोटा मोजून घेतल्या आणि त्याच्या नावापुढे टिकमार्क केली. सगळे जमल्यावर रक्कम माझ्या हातात ठेवून त्यांनी माझ्याकडून पावती मागितली.