तीन मेलेल्या मशीनीतून एक जिवंत मशीन, आणि पाच इंचाची भानगड

आमच्याकडे मालवणात बोटीच्या आऊटबोर्ड मोटारीला (बोटीच्या मागे बाहेरून लटकवतात ती) मोटार कोणी म्हणत नाही, मशीन म्हणतात नाहीतर ओबीएम. मी गेली बरीच वर्षं हीच कामं करतोय. पावसाळ्यात पर्यटनाच्या बोटी बंद असतात तेव्हा आमचा खरा सीझन, कारण मे महिन्यात "चलता आसा ना, मग रवांदे" म्हणणारे सगळे ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एकदम उगवतात.

देवबागचे एक काका असेच २८ तारखेला आले, टेम्पोत यामाहा १५ एचपी टू स्ट्रोक लाँग शाफ्ट (लांब दांड्याची), जुनी. मुलाने मे मध्ये टाकीत ऑईल न मिसळता नुसतं पेट्रोल भरलं होतं. टू स्ट्रोकला वेगळं ऑईल पॅन नसतं, पेट्रोलबरोबर येतं तेवढंच वंगण, ते नाही म्हटल्यावर खालच्या सिलेंडरचं बेअरिंग तुटलं आणि कनेक्टिंग रॉड क्रँककेस फोडून बाहेर. भोकातून माझं बोट आत जात होतं. नवीन मशीन घ्यायची तर लाखाच्या वर, आणि १ सप्टेंबरला बोट पाण्यात पाहिजे.

माझ्याकडे गोव्याच्या भंगारातून आणलेली एक ९.९ एचपी पडलेली, शॉर्ट शाफ्ट, खालचा गिअरकेस (पंखा, गिअर आणि पाण्याचा पंप असतो तो भाग) खडकावर आपटून फुटलेला पण वरचं पावरहेड, म्हणजे खुद्द इंजिन, ठीक. आता गंमत अशी आहे की या घराण्यात ९.९ आणि १५ चा ब्लॉक एकच, बोअर (सिलेंडरचा व्यास) ५६ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५०, दोन सिलेंडर मिळून २४६ सीसी. ताकदीचा फरक मुख्यतः कार्बोरेटरमध्ये, म्हणजे काकांचा कार्बोरेटर भंगारवाल्या ब्लॉकवर चढवला की झाली १५ (रीड म्हणजे आत येणाऱ्या मिश्रणाच्या झडपा, त्यांचे स्टॉपर पण मी काकांचेच टाकले, उगाच शंका नको). तिसरी मशीन म्हणजे एक चायना मेक १५, याच डिझाईनची कॉपी, तिचा गिअर जाम होता पण सीडीआय, कॉईल (ठिणगी देणारे भाग), झाकण वगैरे चांगलं, शिवाय तिच्या मालकाने न वापरलेले स्पेअर दिलेले, पिस्टनच्या रिंगा, गॅस्केट, इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं पात्यांचं रबरी चक्र). तेच मी वापरायचे ठरवले.

"सेम टू सेम" हा शब्द दुकानदाराने म्हटला की मी आधी पार्ट नंबर बघतो. यामाहाच्या नंबरात मधले ५ आकडे पार्ट कुठला ते सांगतात, ४४३५२ म्हणजे इम्पेलर, ११६३१ म्हणजे पिस्टन, आणि सुरुवातीची ३ अक्षरं तो पार्ट मुळात कुठल्या मॉडेलसाठी निघाला ते. त्यामुळे नव्या मशीनीत जुन्या मॉडेलचा नंबर दिसला की समजायचं हा तोच पार्ट चालत आलाय. कॉपीवर नंबर नसला तर मग जुनं आणि नवं एकावर एक ठेवून उजेडात धरायचं, गॅस्केटची पाण्याची भोकं एकसारखी पाहिजेत, रिंग बोअरमध्ये घालून फटीत फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालायचा. हे सगळं मी केलं. म्हणूनच पुढचं झालं त्याचा जास्त राग आला.

खाऱ्या पाण्यातली मशीन उघडणं म्हणजे अर्धं काम बोल्ट काढण्याचंच, डिझेल मारून ठेवलं, गॅसने तापवलं तरी दोन मोडलेच, मग ड्रिल, मग टॅप. वॉटर जॅकेटमध्ये (सिलेंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत) मिठाचा थर इतका की स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढला. पिस्टनवर UP असतं ते फ्लायव्हीलकडे, हे माझ्या हाताखालच्या पोरग्याला तीनदा सांगितलं. शॉर्ट शाफ्ट आणि लाँग शाफ्ट यात ५ इंचाचा फरक, १५ आणि २०, म्हणून वरचं पावरहेड भंगारचं आणि मधला केसिंग, ड्राईव्ह शाफ्ट, गिअरचा रॉड सगळं काकांचं लाँगवालं. काकांची पंपाकडून वर जाणारी पाण्याची तांब्याची नळी तेवढी टोकाला सडलेली होती, ती ९.९ ची काढून घातली. चांगली होती, पॉलिश करून घातली.

३१ तारखेला रात्री साडेनऊला ड्रममध्ये उभी केली, नवीन बांधणी म्हणून पेट्रोल-ऑईल २५ ला १ मिक्स, दुसऱ्या दोरीला स्टार्ट. काय आवाज! काकांनी नमस्कारच केला. पण मागच्या बारक्या भोकातून पाण्याची धार नाही, आणि ती धार म्हणजेच मशीन थंड ठेवणारं पाणी वर फिरतंय याची खूण. खालून पंख्याकडून पाणी आणि धूर भसाभसा येतोय, वर थेंब नाही. मिनिटभरात हेडला हात लाववेना, बंद केली.

"पाणी खंय गेला?" काका.

काकांचा मुलगा लगेच, "तो चायनाचो इम्पेलर काढून टाक आधी." ज्याने बिनऑईलचं पेट्रोल भरलं तो मला शिकवणार. पण खरं सांगू का, मलाही तेच वाटलं. गिअरकेस खाली उतरवला, पंप उघडला, इम्पेलरची पाती मस्त, चावी जागेवर. तरी माझ्याकडचा ओरिजिनल टाकला, परत चढवला, स्टार्ट, परत तेच. साडेअकरा वाजले. गॅस्केट उलटं लागलं का, भोक मिठाने बंद का, वरचं फिटिंग काढून तार घातली, साफ.

मग पुन्हा गिअरकेस उतरवला आणि यावेळी पंपाकडे न बघता केसिंगमध्ये खालून टॉर्च मारला. नळीचं तोंड जिथे पंपाच्या रबरात बसायला पाहिजे तिथे नव्हतंच, वर अंधारात लटकत होतं. पट्टी लावली. पाच इंच! शाफ्टला ५ इंच आठवले, रॉडला आठवले, आणि नळी शॉर्टवाली चढवून बसलो होतो, पंप बिचारा दोन्ही वेळेला केसिंगमध्ये पाणी ओतत होता आणि तेच खालून बाहेर येत होतं. पोरगा हसायला लागला, मी पान्हा उगारला.

त्या रात्री नळी कुठून आणणार, मग फ्रिज-एसीवाल्याला उठवला, काकांच्या जुन्या नळीचं सडलेलं टोक कापून त्याला ९.९ च्या नळीचा तुकडा ब्रेझ करून घेतला, फुंकर मारून लीक बघितलं. दीड वाजता परत ड्रममध्ये. धार आली, करंगळीएवढी. काकांनी हात धरला, "कोमट हा," म्हणाले, म्हणजे ब्लॉक फिरून येतंय, बरोबर.

बिल करताना इम्पेलर लिहिला तर काका म्हणाले, "आणि तो चायनाचो? तो बरो होतो मां? मग हय दी." आणि कागदात गुंडाळून खिशात घातला, स्पेअर म्हणून.