चिठ्ठी लावली की काम झालं

सोमवार, रात्री

आज परत त्या दरवाजाने इंगा दाखवला.

ऑफिसचा काचेचा दरवाजा. दोन्ही बाजूंना एकसारखी, गुडघ्यापासून खांद्यापर्यंत येणारी स्टीलची उभी दांडी. दरवाजा बाहेर उघडतो, म्हणजे बाहेर पडताना ढकलायचा आणि आत येताना ओढायचा. दोन वर्षं मी तिथून रोज ये-जा करते. तरी संध्याकाळी एका हातात बॅग, दुसऱ्या हातात फोन आणि डोक्यात घरचं काहीतरी चालू असलं, की बाहेर पडताना मी दांडी धरते आणि ओढते. दरवाजा ढिम्म. मागे कोणीतरी उभं असतंच. ते हसत नाही, पण हसू दाबलेलं कळतं.

दांडी दिसली की हात ती धरतो आणि धरली की ओढतो. यात माझं शिक्षण नेमकं कुठे कमी पडलं?

यावर उपाय म्हणून कोणीतरी आतल्या बाजूने काचेवर कागद चिकटवलाय, ‘ढकला’. कागद पातळ. त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला तीच अक्षरं उलटी दिसतात. नवखा माणूस क्षणभर थांबतो, मान वाकडी करून अक्षरं लावतो आणि मोठ्या आत्मविश्वासाने ढकलतो. तिकडून खरं तर ओढायचा. मग त्याच्यासाठी बाहेरून दुसरा कागद आला, ‘ओढा’. आता एका दरवाजाला दोन कागद, आणि मी आज तरीही चुकलेच.

येताना बसमध्ये ठरवलं, या आठवड्यात चिठ्ठ्या मोजायच्या. जिथे म्हणून कोणी कागद चिकटवून काही बजावलंय, तिथे वस्तूत नाहीतर पद्धतीत घोळ आहे, असा मला दाट संशय आहे.

मंगळवार

जेवणाच्या सुट्टीपर्यंत अकरा. मग मोजणं सोडलं.

प्रिंटरवर ‘दोनदा दाबू नये’. (पहिल्यांदा दाबल्यावर तो ना दिवा लावतो, ना आवाज करतो. माणूस दुसऱ्यांदा दाबणारच.) बाथरूममध्ये ‘फ्लश दाबून धरा’. स्विचबोर्डवर लाल शाईत ‘हे बटण बंद करू नये’, खाली दोन रेघा. ते बटण दिव्याच्या बटणांच्या रांगेत, अगदी त्यांच्यासारखंच आहे. जे कधीच बंद करायचं नाही ते रोज बंद करायच्या बटणांशेजारी बसवायचं आणि मग लाल शाईने ओरडायचं. त्यावर एखादं साधं प्लॅस्टिकचं झाकण असतं तर शाई वाचली असती.

पण आजचा नंबर एक म्हणजे शेजारच्या टेबलावरची पिवळी चिठ्ठी. मॉनिटरच्या कडेला, सगळ्यांना दिसेल अशी. तिच्यावर पासवर्ड! आधीचे चार खोडलेले, पाचवा चालू. सगळ्यांत शब्द तोच, फक्त शेवटचा आकडा पुढे सरकत गेलेला. मी हसले, तर ती म्हणाली, ‘‘अगं, दर दीड महिन्याला बदलायला लावतात. कुठवर लक्षात ठेवू?’’

तिचं काय चुकलं? हे दर थोड्या दिवसांनी पासवर्ड बदलण्याचं खूळ जगभर पसरलं त्यात अमेरिकेच्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी’ या संस्थेच्या जुन्या सूचनांचा मोठा वाटा. २०१७ मध्ये त्याच संस्थेने घूमजाव केलं: पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तरच बदलायला लावा, उगीच ठरावीक दिवसांनी नको. जुन्या सूचना लिहिणारे बिल बर यांनीही त्याच वर्षी जाहीरपणे कबूल केलं की, त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा आपल्याला आता पश्चात्ताप होतो. कारण सरळ आहे. सतत बदलायला लावलं की माणूस एक आकडा वाढवतो, नाहीतर चिठ्ठी लावतो. आमच्याकडे दोन्ही.

लिहिणाऱ्याने कान धरले, पण आमच्या सिस्टीमपर्यंत ती बातमी अजून यायची आहे.

बुधवार

अर्धी रजा काढून एक अर्ज द्यायला गेले. कुठे ते लिहीत नाही, कुठेही हेच.

अर्जात पहिल्या पानावर जन्मतारीख, तिसऱ्या ओळीत वय. वजाबाकी माझ्याकडूनच करून घेतली. पत्ता तीनदा. दुसऱ्यांदा लिहिताना पिन कोडमध्ये एक आकडा चुकला, म्हणजे आता एकाच अर्जात माझी दोन घरं. तारखेसाठी नुसत्या तीन मोकळ्या जागा, दिवस आधी की महिना आधी याचा पत्ता नाही. ०३/०४ लिहिलं की कोणाला तो एप्रिलचा तिसरा दिवस वाटेल, कोणाला मार्चचा चौथा. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, असा आंतरराष्ट्रीय संकेत १९८८ पासून ‘आयएसओ ८६०१’ या नावाने आहे. तोही नको, जागांखाली बारीक अक्षरात ‘दिवस, महिना, वर्ष’ एवढं छापलं तरी माझी तक्रार मिटेल.

खिडक्या तीन, रांगा तीन. नेहमीप्रमाणे मी निवडलेली रांग थिजली. माझ्यापुढच्या गृहस्थांकडे पिशवीभर कागद होते आणि ते एकेक काढून वाचून दाखवत होते. शेजारच्या रांगेत माझ्यानंतर आलेले दोघं काम करून गेले. तीन खिडक्यांसाठी एकच रांग ठेवली आणि जी खिडकी मोकळी होईल तिथे पुढचा माणूस गेला, तर पिशवीवाल्या गृहस्थांचा भार एकट्या माझ्यावर पडत नाही, सगळ्यांवर थोडा थोडा वाटला जातो. यात नवं काही नाही. डेन्मार्कच्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने टेलिफोन एक्स्चेंजच्या कॉल्सवरून हे असलं गणित १९०९ पासून मांडायला सुरुवात केली होती. एकच रांग करायला लागतं काय? एक दोरी.

चाळीस मिनिटांनी खिडकीशी पोचले. काचेवर, अगदी नाकासमोर, कागद: ‘अर्जासोबत दोन झेरॉक्स जोडणे बंधनकारक’. आतल्या बाईंनी तिकडे नुसतं बोट दाखवलं.

इथे माझ्या सिद्धांताला जरा तडा गेला. ही चिठ्ठी बरोबर आहे, हवीच आहे. फक्त ती रांगेच्या चुकीच्या टोकाला आहे. दारात असती तर मी आधी झेरॉक्स काढून मग रांगेत उभी राहिले असते. खिडकीवर लावलेली ही चिठ्ठी माहिती देत नाही, ‘सांगितलं होतं’ असं म्हणायची सोय करते. बाईंना मी म्हटलं, ‘‘हा कागद दाराशी लावला तर?’’ त्या म्हणाल्या, ‘‘दाराशी कोण वाचतं?’’ आणि पुढच्याला हाक मारली.

गुरुवार

सकाळी चुकीचा बर्नर पेटवला. पाणी मागच्यावर, जाळ पुढच्यावर.

चार बर्नर चौकोनात आणि चार खटके खाली एका ओळीत. कोणता कोणाचा, हे शेगडीवर बारीक ठिपक्यांनी दाखवलं होतं. ते घासून घासून केव्हाच गेले. आईने मागच्या डाव्या बर्नरच्या खटक्याला नेलपॉलिश लावलंय. तेवढा एक तिला चुकत नाही.

या शेगडीवर चक्क प्रयोग झालेले आहेत. १९५९ मध्ये अल्फोन्स चापानिस आणि लिंडेनबॉम या दोघा संशोधकांनी चार वेगवेगळ्या मांडण्यांवर लोकांना बसवलं. तीन मांडण्यांत लोक चुकत राहिले. चौथीत एकही चूक नाही. तिच्यात केलं होतं काय, तर मागचे बर्नर पुढच्यांच्या बरोबर मागे न ठेवता थोडे बाजूला सरकवले होते. डावीकडून उजवीकडे बर्नर ज्या क्रमाने, खटके त्याच क्रमाने. ठिपका नको, अक्षर नको. माझी शेगडी त्या प्रयोगानंतर कैक दशकांनी बनलेली आहे.

हे चापानिस मला फार आवडतात. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानांचे काही वैमानिक विमान उतरल्यावर पंखांचे फ्लॅप्स मिटायच्या ऐवजी चाकंच मिटून घेत आणि विमान पोटावर बसे. चांगले शिकलेले, हुशार वैमानिक. चापानिसने कॉकपिटमध्ये पाहिलं तर दोन्हींचे खटके शेजारी शेजारी आणि हाताला सारखेच लागणारे. त्याने चाकांच्या खटक्याला छोटं रबरी चाक बसवलं आणि फ्लॅप्सच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा. दमलेल्या माणसाच्या बोटांनाही फरक कळायला लागला आणि तो प्रकार थांबला. ‘उतरल्यावर लक्ष द्या’ असा कागद त्याने लावला नाही.

आईचं नेलपॉलिश त्याच जातीचं. तिला हे वाचून दाखवलं तर म्हणाली, ‘‘मग उरलेल्या तिघांनाही लावू का वेगवेगळे रंग?’’ लावू म्हटलं.

शुक्रवार

ॲडमिनकडे जाऊन दरवाजाचा विषय काढला. आतली दांडी काढून टाका, सपाट पट्टी लावा. पट्टी दिसली की माणूस ढकलतोच, धरायला काही नसतंच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘पण मॅडम, कागद लावलाय की.’’

मी शिकागोची गोष्ट सांगितली. ३० डिसेंबर १९०३, इरोक्वॉय थिएटरला खेळ चालू असताना आग लागली. सहाशेच्या वर माणसं गेली. काही दारं पडद्यांमागे, काही आत उघडणारी, काहींच्या कड्या अशा, की घाबरलेल्या माणसाला उघडेनात. त्या खेळाला कार्ल प्रिन्झलर नावाचा हार्डवेअरचा विक्रेता जाणार होता, कामामुळे राहिला. त्याच्या डोक्यातून ते गेलं नाही. पुढे त्याने शेजारी राहणाऱ्या आर्किटेक्टच्या मदतीने दरवाजाला आडवी दांडी बसवायची युक्ती काढली, अंग टेकलं तरी दार उघडतं. १९०८ मध्ये ती बाजारात आली. सिनेमागृहाच्या बाहेर जायच्या दारांवर असते ती तीच. तिथे कोणी काही वाचत नाही, कारण धुरात वाचता येत नाही.

ते म्हणाले, ‘‘आपल्याकडे एवढी गर्दी कुठे असते?’’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘‘मामांना विचारून बघा.’’ मला वाटलं, टोलवलं.

सोमवार

मामा म्हणजे आमच्या मजल्याची सगळी डागडुजी बघणारे. स्क्रू-ड्रायव्हर घेऊनच आले. मी माझं भाषण दिलं. त्यांनी दांडी हलवून बघितली.

‘‘ताई, काढतो की. पण ही काढली तर पलीकडची तुमच्या पायावर पडेल.’’

दोन्ही दांड्या काचेतल्या भोकांतून आरपार एकाच बोल्टवर कसलेल्या आहेत, एक दुसरीला धरून उभी. आठवडाभर मी डिझाइनवर लिहितेय आणि दोन वर्षांत बोल्टकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

‘‘मुळात दोन्हीकडे लावल्या कशाला?’’ मी विचारलं.

‘‘पाकिटात जोडीच येते.’’

बस्स, एवढंच कारण. कोणी मूर्खपणा केला नव्हता, कोणी विचार करून दोन्हीकडे दांडी ठेवली नव्हती. जोडी आली, जोडी लावली. मग त्या जोडीसाठी दोन कागद.

मामांनी टेप लावून माप घेतलं. बाहेरची दांडी तशीच, आतून नुसत्या चपट्या टोप्या बसवू, बोल्ट आखूड लागतील. आणि हाताच्या उंचीला स्टीलची पट्टी चिकटवू. मी म्हटलं, हो, पट्टी बघितली की लोकांना कळेल ढकलायचं आहे.

‘‘ते असेल,’’ मामा म्हणाले. ‘‘पण पट्टी नसली तर सगळ्यांचे पंजे काचेवर उमटणार. पुसायची मलाच.’’

हे कारण माझ्या यादीत नव्हतं.

गुरुवार

पट्टी बसली. दुपारपासून बघतेय, कोणी थबकत नाही. ॲडमिनवाले स्वतः फोनवर बोलत बोलत खांद्याने ढकलून गेले. मामांनी विचारलं, कागद काढू का? वरून निरोप आला, असू देत.

संध्याकाळी निघाले. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात फोन. दाराशी पोचले, फोन बगलेत धरला, हात पुढे केला आणि जिथे दांडी होती तिथली हवा घट्ट पकडून ओढली.

मागे मामा उभे होते.